रुमालाखालची सफरचंदी

त्या सोमवारी सकाळी काकांनी मोंढ्यातल्या आपल्या दुकानात हळकुंड मोडलं, नाकाशी धरलं आणि त्यांना वास आला नाही. त्यांनी दुसरं मोडलं. त्याचाही आला नाही. ही गोष्ट त्यांनी एकाच माणसाला सांगितली. तो माणूस मी नव्हतो.

काका म्हणजे माझ्या बायकोचे सख्खे काका. वसमतच्या मोंढ्यात, म्हणजे घाऊक बाजारात, त्यांची हळदीची आडत होती. देवाने आधी त्यांचं नाक घडवलं आणि मग ते कुठेतरी बसवायला हवं म्हणून बाकीचे काका केले, असं माझं पक्कं मत आहे. पोत्यांच्या थप्पीजवळून नुसते चालत गेले तरी माल कुठल्या शिवारातला आणि शिजवताना कोणी आळस केला, हे ते सांगत. लग्नाच्या मांडवात पाऊल टाकताच वरण खालून लागल्याचं ते जाहीर करत, त्यामुळे गावातले आचारी त्यांना पाहून दुरूनच हात जोडत. मुलगा म्हणून मला बघायला आले तेव्हा त्यांनी एकही प्रश्न विचारला नाही. टेबलावरचं माझं एक पुस्तक उचललं, मधोमध उघडून हुंगलं आणि माझ्या सासऱ्यांना म्हणाले, "पोरगं खरंच वाचतंय. द्या पोरगी." तेव्हापासून मी कॉलेजात मराठी शिकवणारा प्राध्यापक असलो तरी त्यांच्या लेखी पारखून घेतलेला माल होतो.

अशा माणसाच्या हाती सफरचंदाची दारू लागावी, हा योगायोगच. त्यांचा एक पुतण्या नोकरीनिमित्त हिमाचलात असायचा. काका त्याच्याकडे गेले, तिथे कोणीतरी सायडर म्हणून पेला पुढे केला आणि काका परत आले ते वेगळेच होऊन. सायडर हा शब्द मात्र त्यांना आवडला नाही. त्यांनी तिचं नाव 'सफरचंदी' ठेवलं, हिंगोली, परभणी, गहूबाजरी म्हणावं तितक्या सहजपणे. यानंतर आमच्या नात्यातलं कोणीही पुण्याला, गोव्याला किंवा परदेशी निघालं की काका निरोप द्यायला बसस्टँडवर हजर. पेढे नकोत, साड्या नकोत, जिथे जाल तिथली सफरचंदी आणा. दारू पिण्याचा सरकारी परवाना त्यांनी रीतसर काढला, लॅमिनेट केला आणि कोणी मागितला नसतानाही ते तो दाखवत. काकूंचं म्हणणं सोपं होतं. सफरचंदाची असो की सीताफळाची, दारू ती दारू, आणि ती या घरात येणार नाही. म्हणून रविवारी दुपारी मोंढा बंद असताना, दुकानाचं शटर अर्धं ओढून, हळदीच्या पोत्यांवर आमची बैठक भरायची.

बैठकीला काका, मी, गावात असला तर पुतण्या आणि अत्तरवाले चाचा. चाचांचं अत्तराचं दुकान काकांच्या दुकानाला लागून होतं, आणि दोघांची दोस्ती शाळेच्या बाकापासूनची. चाचा पाचही वेळ नमाज पढणारे. त्यांनी थेंबभरही कधी चाखली नाही. ते नुसता वास घेत आणि फुटाणे खात. पहिल्या दिवशी मी जरा अवघडून त्यांच्याकडे पाहिलं, तेव्हा ते म्हणाले, "पिनं मला मना हाय, जावईबापू. पर वास तर हवेत येऊन राहिला. हवेला मी काहून तकलीफ देऊ?" त्यावर काका म्हणाले, "हा फुकट्या हाय. दारू माझी, हवा बी माझ्या दुकानातली."

काकांची परीक्षा करण्याची रीत मात्र मोंढ्यातली होती. पूर्वी हळदीचा भाव तोंडाने सांगत नसत. घेणारा आणि देणारा रुमालाखाली हात घालत, एकमेकांची बोटं दाबत, आणि भाव त्या दोघांनाच कळे. मोंढ्यातून ती पद्धत गेली, पण काकांनी ती सफरचंदीसाठी जिवंत ठेवली. एकाने तोंड उघडलं की दुसऱ्याची जीभ मेंढरासारखी त्याच्या मागे जाते, असं ते म्हणत. म्हणून प्रत्येकाने घोट, चाचांनी नुसता वास घ्यायचा, ज्वारीच्या भाकरीचा कोरडा तुकडा चावायचा आणि मग काकांच्या रुमालाखाली हात घालून एक ते पाच बोटं दाबायची. सगळ्यांचे हात झाले की काका डोळे मिटून स्वतःचा निकाल मोठ्याने सांगत. त्या निकालासाठीच आम्ही जमत असू. हिमाचलची सालीसकट चावल्यासारखी, कडक पण इमानी. पुण्याची फार शिकलेली, गोड बोलणारी आणि पोटात काही न ठेवणारी. एक विलायती बाटली उघडली तर तिला चक्क ओल्या गोठ्याचा वास. मी पेला लांब धरला. काकांचे डोळे भरून आले. "गुरं बांधलीत हिच्यात," ते म्हणाले, आणि तिला पाचही बोटं दिली. स्पेनमध्ये ती उंचावरून पेल्यात ओततात असं पुतण्याकडून कळल्यावर ते बाटली घेऊन थप्पीवर चढले आणि खाली मला पेला धरून उभं केलं. पेल्यात घोटभर पडली. उरलेली माझ्या डोक्यावरून दुसऱ्या हातातल्या पुस्तकावर. काका वरून म्हणाले, "जावईबापू, आता पुस्तक हुंगून बघा. सुधारलं का न्हाई?"

मग काकांना ताप आला, आणि तापानंतरचा तो सोमवार. आम्हाला कोणाला काही कळलं नाही. बैठका पूर्वीसारख्याच भरत, निकाल तसेच रसाळ निघत. फक्त चाचांचा हात रुमालाखाली जास्त वेळ राहू लागला. पूर्वी तो चटकन बाहेर येऊन फुटाण्यांकडे वळायचा. मला वाटलं, म्हातारपणी बोटं जड झाली असतील.

उन्हाळ्यात चाचा मुलीकडे परभणीला गेले आणि नेमका त्याच आठवड्यात पुतण्या खास काकांसाठी म्हणून एक बाटली घेऊन आला. काकांनी टाळायचा फार प्रयत्न केला. आज अमावास्या, आज भाकरी शिळी, चाचा येऊ दे. पुतण्या दुसऱ्या दिवशी परत निघणार होता. त्याने बाटली उघडलीच. मी घोट घेतला आणि भाकरीचा तुकडा घाईने तोंडात कोंबला. वाटेतल्या उन्हाने ती पार बिघडून गेली होती. पुतण्याने स्वतः अजून पेला उचलला नव्हता. तो काकांच्या तोंडाकडे बघत होता. काकांनी सावकाश घोट घेतला, आणि त्यांच्या चेहऱ्यावर काहीच उमटलं नाही. आंबटही नाही, गोडही नाही. त्यांनी रुमाल माझ्यापुढे केला.

मी हात आत घातला. एक बोट दाबलं. काकांनी माझा हात सोडला नाही. त्यांचा तळवा घामाने ओला झाला होता. आयुष्यभर मोंढ्यात समोरच्याला घाम फोडणारा तो हात माझं बोट धरून काहीतरी मागत होता. चाचांचा हात इतका वेळ आत का राहायचा, ते मला तेव्हा कळलं. चाचांच्या खुणा मला ठाऊक नव्हत्या. मला सुचलं ते मी केलं. लग्नात एखाद्याला गप्प करायला काढतात तसा जोरात चिमटा काढला.

काकांनी माझा हात सोडला. मग डोळे मिटून म्हणाले, "आंबली रे, लेकरा. उन्हानं खाल्ली हिला. लोणच्यात घाल."

पुतण्याने घोट घेतला, तोंड वाकडं केलं आणि कौतुकाने म्हणाला, "काका, तुमच्या नाकाला तोड न्हाई." काका हसले. शटर ओढताना माझ्या शेजारी उभे राहून हळूच म्हणाले, "चिमटा लई जोरात काढता तुमी. चाचाकडून शिकून घ्या."

याहून जास्त त्या विषयावर आम्ही कधी बोललो नाही. मी विचारायला हवं होतं. ज्याचं सगळं जगणं नाकातून होतं, त्याला तो कोरडा घोट कसा लागत असेल. काकूंनी घातलेली फोडणी, भिजलेली माती, नातवाची टाळू, यातलं काय काय गेलं. मी गप्प राहिलो आणि त्यालाच अदब समजलो. चाचांकडून खुणा मात्र शिकलो. नख म्हणजे आंबट, अंगठा घासला की गोठा, मूठ वळली की गोड. त्या वापरायची वेळ फार आली नाही. थंडीत काका गेले. दुकानातला रुमाल काकूंनी स्वतःच्या हाताने धुतला, घडी घातली आणि चाचांकडे पाठवला.

आडत आता नोकरी सोडून आलेला पुतण्या बघतो. रविवारी दुपारी तो शटर अर्धं उघडून देतो, आणि कोणी बाटली आणली असेल तर चाचा आणि मी थप्पीवर बसतो. चाचा वास घेतात, मी घोट घेतो. रुमालाखाली आम्ही एकमेकांची बोटं दाबतो. निकाल मोठ्याने कोणी सांगत नाही.