भोंग्यानंतरची रिकामी वस्ती

नगरहून पहाटेची कल्याण गाडी धरली तेव्हा माझ्या मांडीवर पत्रकांचा गठ्ठा होता. भोपाळच्या संहारानंतरचा तो हिवाळा. वायू सुटला तर काय करावे, हे आमच्या चळवळीतल्या मंडळींनी एका पानात छापले होते: नाकावर ओले फडके धरा, वारा जातो तिकडे पळू नका, वाऱ्याला आडवे निघा. छापील कागद माणसे वाचवतो, असे मानणाऱ्या घरात मी वाढले. अंबरनाथच्या कारखान्यांलगतच्या वस्तीत ही पत्रके वाटायचे काम मी मागून घेतले होते. माळशेज घाटात धुके इतके दाट होते की कंडक्टर दारात उभा राहून ड्रायव्हरला रस्त्याची कड सांगत होता.

उल्हासनगरला उतरून दाल-पकवान (मैद्याची कडक पुरी आणि हरभऱ्याची डाळ) खाल्ले. दुकानदार सिंधी. गल्ल्यावर बसूनच त्याने नाकाला रुमाल बांधला होता.

"अंबरनाथला जायचं? पोटभर खाऊन घे, बेटी. तिकडे आज वास आहे, जेवण जाणार नाही."

"कसला वास?"

"कोण सांगणार? कंपनीवाले बोलतात, वास नाहीच."

पुढे वालधुनी नदी ओलांडली. पाणी एका काठाला तांबडे, दुसऱ्या काठाला निळे, आणि भर थंडीत त्यावरून वाफ निघत होती. काठावर एकही बगळा नव्हता.

माझी उतरण्याची सोय ताराबाईंकडे होती. त्या आमच्या नगरकडच्याच, ख्रिस्ती, विधवा, एका दवाखान्यात आया. फळीच्या भिंतीपलीकडे आबा राहत. ते रत्नागिरीकडचे, अर्धांगाने खाटेला खिळलेले. त्यांचा मुलगा कारखान्यात पाळीवर गेला की त्यांचे जेवणपाणी ताराबाई बघत. ताराबाईंनी मला तांदळाची भाकरी आणि सुकट वाढले. दिवेलागणीला त्या डोळे मिटून प्रार्थनेला बसल्या. साधेच मागणे होते: दवाखान्यातले रोगी, आबांची पाठ, आणि मी सुखरूप घरी पोचणे. मग त्या थांबल्या आणि वाट बघत राहिल्या.

"आमेन म्हणायचं असतं, पोरी. एकानं मागायचं, दुसऱ्यानं आमेन म्हणायचं. मग ते दोघांचं होतं."

"मी देव मानत नाही. खोटं कशाला बोलू?"

"नको बोलू. मला एकटीची सवय आहे."

फळीपलीकडून आवाज आला, "तारे, तुझ्या देवाला सांग गो, त्या चिमणीला एक बूच मार म्हणावं."

"तुमच्या देवाला काय झालं, आबा?"

"त्याला सांगून झालं. आता तुझा वशिला लागतो का बघू."

दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही दोघी वस्तीच्या पार टोकाला पत्रके वाटत होतो. पाळी सुटायची वेळ नव्हती, तरी भोंगा झाला. तो थांबेचना. मग सडक्या फणसासारखा वास आला आणि डोळ्यांत मिरची गेल्यासारखी आग झाली. माणसे हमरस्त्याकडे पळाली. दोरीवरची लुगडीही त्याच रस्त्याकडे फडफडत होती. म्हणजे वायू त्यांच्या मागोमागच जाणार होता. मी घसा फोडून ओरडले, "तिकडे नको, आडवे चला." बरेचजण वळले आणि आम्ही बाजूच्या टेकाडावर चढलो.

वर पोचल्यावर ताराबाईंनी सगळ्यांचे चेहरे पाहिले. "आबांना कोणी आणलं?"

"त्यांचा पोरगा आणेल की," एकजण म्हणाला.

"पोरगा कामावर आहे."

खाली वस्तीवर पिवळट वायूचा थर पसरत होता.

"तुझ्या पत्रकात परत जायचं काही लिहिलंय का गं?"

"नाही."

ताराबाईंनी कुणाच्या तरी कळशीत पदर बुडवला. माझ्या शब्दावर ही माणसे वळली होती. मी टेकाडावर बसून राहू शकले नाही. पदराचे दुसरे टोक नाकाशी धरून मीही उतरले.

गल्लीत एकही माणूस नव्हता. दारे सताड उघडी. एका घरात स्टोव्ह फरफरत होता, दुसऱ्यात रेडिओवर कुणीतरी शांतपणे बाजारभाव सांगत होते. बाळाची एक रिकामी झोळी अजून हलत होती. कावळे पत्र्यांवर बसले होते, पण आम्ही जवळून गेलो तरी उडत नव्हते. ताराबाई हलक्या आवाजात त्यांच्या उपासनेतले गीत म्हणत होत्या. त्या निर्जन गल्लीत तो आवाज फार परका वाटला.

आबांच्या दारात त्यांचे गाणे थांबले. पायही थांबले. आत अंधार होता आणि वास दाटून बसला होता.

"माझे पाय उचलत नाहीत," त्या म्हणाल्या. मग डोळे मिटून पुटपुटल्या, "प्रभू येशू, मला भीती वाटते. तू आधी आत जा, मी तुझ्या मागून येते."

त्या थांबल्या. माझे ओठ मिटलेलेच राहिले.

आतून खोकला आला आणि त्यामागून खरखरीत आवाज: "आमेन. आता ये गो लवकर."

ताराबाई आत गेल्या.

चादरीची झोळी करून आम्ही त्यांना उचलले. म्हातारा हाडांचा सापळा, तरी वाटेत तीनदा टेकवावा लागला. धापा टाकत ताराबाईंनी विचारले, "तुम्हाला कधीपासून आमेन म्हणता येतं?"

"रोज फळीतून ऐकतो. तू कुठं थांबतेस ते पाठ झालंय. गप राहा नि चाल, पाडशील मला."

आबा वाचले, पण छातीतली घरघर राहिली. संध्याकाळी कारखान्याच्या गेटवरच्या साहेबाने सांगितले की काही सुटलेच नाही, भोंगा तपासत होते. सकाळी गल्लीतून मेलेले कावळे टोपलीने भरून नेले. त्या साहेबाच्या तोंडावर एक टोपली ओतावी असे वाटले. मी त्याऐवजी नवे पत्रक लिहायला घेतले.

निघताना मी ताराबाईंना विचारले, "आता भीती गेली?"

"कुठली? भोंगा झाला की पोटात गोळा येतो. धीर साठवून ठेवता येत नाही, पोरी. रोजचा रोज मागावा लागतो."

नगरला परतून आता बरेच दिवस झाले. मी अजून देव मानत नाही आणि मानते असे कुणाला वाटू देणार नाही. पण त्या दारात एका घाबरलेल्या बाईला एका शब्दाची गरज होती. तो मी दिला नाही, कारण मला माझा खरेपणा जपायचा होता. आबांनी आपला देव न सोडता तो दिला. ते खोटे बोलले, असे मला आजही म्हणवत नाही.