साक्षीदाराची सही
काल नांदेडच्या आमच्या कॉलेजात हॉल तिकिटांवर शिक्के मारताना स्टॅम्पपॅडच्या शाईचा वास आला आणि लातूरच्या वकिलांच्या ऑफिसातली एक दुपार आठवली. मी नुकतीच कायद्याची परीक्षा पास होऊन तिथं काम शिकत होते. बाहेर ऊन पेटलं होतं, पंखा गरम हवाच फिरवत होता. एक डाळमिलवाला आपल्या विधवा भावजयीला घेऊन आला होता. नवऱ्यामागं ती मिलमध्ये भागीदार झाली होती; आता तिनं भागीदारी सोडल्याचा कागद तयार होता. वकीलसाहेब आतल्या खोलीत होते, दीर फोनवर बोलत बाहेर गेला. तिनं न वाचताच पेन उचललं, तेव्हा मला राहवलं नाही. मी सगळा कागद वाचून दाखवला. "म्हंजे उद्यापासून मिल माझी न्हाई?" तिनं विचारलं. "नाही. मनात नसेल तर सही करू नका, कुणी जबरदस्ती करू शकत नाही." ती दाराकडं बघत हळूच म्हणाली, "लेकरं भावजींच्याच घरात वाढायलेत, बाई. सही न्हाई केली तर जाऊ कुठं?" आणि तिनं सही केली. मग वकीलसाहेबांनी बाहेर येऊन कागद माझ्यापुढं सरकवला. साक्षीदार म्हणून खाली मीही सही केली. आता मी करार कायदा शिकवते. संमती मुक्त असली तरच करार टिकतो, असं फळ्यावर लिहिते, आणि एखादी मुलगी विचारते, "मॅडम, मुक्त आहे हे ओळखायचं कसं?" तेव्हा मी उगाचच पुस्तकाचं पान उलटते.