दोरांवरची खाट

माझ्याकडे चिरे वाहायचा जुना ट्रक होता. एकोणीसशे साठ साल उलटल्यानंतरची गोष्ट. बायको विहिरीच्या पायऱ्यांवरून पाठीवर आपटली आणि उठेचना. मालवणच्या डॉक्टरांनी मिरजेला न्यायला सांगितलं आणि वर बजावलं, पाठीला हिसका बसू देऊ नका, पाय कायमचे जातील. सांगायला काय जातं! रिकामी निघाली की खड्ड्यागणिक उडणारी माझी गाडी, आणि दुसरी आणणार कुठून?

दोन दिवस मी गाडीखालीच होतो. जड मालासाठी मागच्या चाकांवरच्या स्प्रिंगांच्या कमानींत जास्तीचे पोलादी पाटे घातले होते, ते मिस्त्रीला हाताशी घेऊन काढले, म्हणजे गाडी मऊ चालेल. टायरांतली हवा थोडी उतरवली. हौद्यात वाळूच्या गोण्या पसरल्या. गावातून फिरवून बघितली, तर मागे ठेवलेल्या तांब्यातलं पाणी सांडलं नाही. मला माझाच अभिमान वाटला, खोटं कशाला बोलू.

मग सासरे आले. ते तांडेल, मासेमारीच्या होडीचे प्रमुख, आणि ही त्यांची एकुलती एक मुलगी. गोण्यांवर खाट ठेवायची नाही, म्हणाले, दोरांवर टांगायची. दर्यात माणूस आजारी पडला की ते त्याला असंच झोळीत घालून टांगत, म्हणजे लाटेचा धक्का अंगाला लागत नाही.

"चाळीस वर्सां दर्यात काडलंय. माका माजा चेडू सांभाळूक येता," ते म्हणाले.

गाडी म्हणजे होडी नव्हे, तिला घाटाची वळणं घ्यायची असतात, हे माझ्या अगदी जिभेवर आलं होतं. पण ते एकेक गाठ मारून पुन्हा पुन्हा ओढून बघत होते. मी दोराचं दुसरं टोक धरलं. मोठ्या माणसाचा मान! आग लागो त्या मानाला.

सासरे मागे तिच्यापाशी बसले. घाटाखालच्या फोंड्यापर्यंत सगळं ठीक होतं. घाट लागला आणि पाटे काढलेली गाडी वळणावर एका अंगाला झुकायला लागली. खाट त्याहून जास्त झुलत असणार. तिसऱ्या वळणावर समोरून बस आली. मी गाडी डावीकडे दाबली, ब्रेक मारला, आणि मागे खाट फळ्यांवर आपटली. दोष दोरांचा की मी काढलेल्या पाट्यांचा, हे मला आजही सांगता येत नाही.

मी मागे चढलो. सासरे खाट कवटाळून पुटपुटत होते, काय नाय झाला, काय नाय झाला. दोघांनी दोर सोडून ती वाळूवर उतरवली. त्यांना झऱ्यावर पाण्याला धाडलं. परत आले की चांगलं ऐकवायचं, असं मी ठरवलंच होतं.

तिने माझा हात धरला.

"सकाळी बोटां हलत होती. आता पाय कळनत नाय," ती म्हणाली. "बाबांका सांगू नकात. ते जगूचे नाय."

मिरजेला डॉक्टरांनी विचारलं, वाटेत हिसका बसला का? सासरे माझ्या तोंडाकडे बघत होते. मी नाही म्हटलं. ते बाहेर गेल्यावर डॉक्टरांना खरं सांगितलं. आता सांगून उपयोग नाही, म्हणाले.

ती पुन्हा चालली नाही. सासरे मात्र येईल त्याला अंगणात बसवून सांगत, मी खाट टांगली म्हणून मुलगी जिवंत पोचली. मग आत वळून तिलाच विचारत, होय ना गो? ती आतून होय म्हणायची.