डाव्या बाजूची ओल

मुकुंदवाडीत रेल्वे स्टेशनाकडं वळणाऱ्या रस्त्यावर मुंजाबा मिस्त्रीचं गॅरेज. गॅरेज म्हणजे वर पत्रे, मधी एक खड्डा आणि मागं राहायची खोली. माणूस मेंढरांमागं हिंडणाऱ्या घरातला. पंधराव्या वर्षी काठी सोडून त्यानं पाना धरला, त्याला चाळीस वर्षं होऊन गेली. इंजिन तापण्याच्या दुखण्यात त्याचा हात धरणारा आसपास कोणी नव्हता. इतरांनी हात टेकलेल्या गाड्या शेवटी त्याच्याकडं यायच्या.

त्याची बायको बानाबाई चार वर्षांपूर्वी लेकीच्या बाळंतपणाला नाशिकला गेली, तीन महिन्यांसाठी. मग लेकीची नोकरी सुरू झाली, मग नातू शाळेत जायला लागला, मग नात झाली. भांडण नाही, तंटा नाही, नुसतं येणं पुढं पुढं जात राहिलं. रोज संध्याकाळी फोन यायचा. “जेवलात का?” “जेवलो.” “बरं.” मुंजाबानं कधी ‘ये’ म्हटलं नाही. तिकडं तिची गरज आहे, आपल्याला काय, भाकरी थापता येते, अशी त्यानं मनाची समजूत घातली होती.

एप्रिलमधल्या एका सकाळी सारजाबाई गाडी घेऊन आल्या. बाई जवळच्या बिडकीन गावच्या. सरकारी दवाखान्यातून नर्स म्हणून निवृत्त झालेल्या, तरी आठवड्यातून तीन दिवस शहरात औरंगपुऱ्यातल्या एका डॉक्टरकडं कामाला यायच्या. स्वतः गाडी चालवत.

“मिस्त्री, हिच्यात पाणी टिकंना,” त्या उतरता उतरताच म्हणाल्या. “आठ दिवसाला अर्धा लिटर कूलंट घालते. तिघांना दाखवलं. एकानं झाकण बदललं, दुसरा म्हणतो रेडिएटर बदला, तिसरा तर म्हणला इंजिनाचं हेडच उतरवावं लागंल.”

“सकाळच्याला गाडीखाली थेंब दिसतो का?”

“एक नाय. मी रात्रभर पुठ्ठा ठेवून बघितलं. कोरडा ठाक.”

पुठ्ठा ठेवून बघणारं गिऱ्हाईक! मुंजाबाला बाई आवडल्या. त्यानं स्टूल पुसून दिलं आणि बॉनेट उघडलं.

आधी त्यानं ऑइलची काडी ओढून बघितली. इंजिनात पाणी मिसळलं असतं तर ऑइल दह्यासारखं झालं असतं; ते स्वच्छ होतं. इंजिन चालू करून सायलेन्सरमागं तळहात धरला. पांढरा धूर नाही, वास नाही. म्हणजे हेड उतरवायचं कारण नव्हतं. इंजिन गार होऊ दिलं, मग रेडिएटरच्या तोंडाला हातपंप बसवून आत हवेचा दाब भरला आणि पंपाच्या काट्याकडं बघत बसला. काटा हळूहळू खाली यायला लागला. पाणी कुठंतरी निघत होतं, हे नक्की. पण खड्ड्यात उतरून बॅटरीच्या उजेडात त्यानं पाइपाचा सांधा न् सांधा चाचपला, पाण्याच्या पंपाखाली बोट फिरवलं. सगळं कोरडं.

तो वर आला, हात पुसत उभा राहिला.

“बाई, पुढची काच आतून धुरकट होती का?”

“व्हय! पुसलं की तेलकट फराटे उठतात.”

“आणि गोडसर वास?”

“येतो. मला वाटलं सीट जुनी झाली.”

“डाव्या बाजूला कोण बसतं?”

सारजाबाईंनी पदर सारखा केला. “कोणी नाय,” त्या म्हणाल्या. “आमचे हे बसायचे. त्यांची नजर गेली म्हणून तर मी छप्पन्नाव्या वर्षी गाडी शिकले. बाजूला बसून नुसत्या आवाजावरून सांगायचे, गेर बदल, सारजा. त्यांना जाऊन अडीच वर्षं झाली.”

मुंजाबानं डावं दार उघडलं. वर रबरी मॅट होती, कोरडी. ती उचलून त्यानं खालच्या कारपेटवर हात दाबला, तर बोटांमधून हिरवट, बुळबुळीत पाणी वर आलं.

“हे बघा. डॅशबोर्डमागं हिटरची छोटी जाळी असती. इंजिनातलं गरम पाणी तिच्यात फिरतं. ती फुटलीय. सगळे बाहेर शोधत राहिले, पाणी आत पडत होतं. हितं कोणी बसलं असतं तर पहिल्याच आठवड्यात पाय भिजले असते.”

बोलून गेला आणि त्याला वाटलं, हे बोलायला नको होतं.

“खरंय,” सारजाबाई म्हणाल्या आणि त्यांनी स्वतः वाकून कारपेट दाबून बघितलं.

डॅशबोर्ड उतरवायला, नवी जाळी बसवायला आणि कारपेट उन्हात वाळवायला दोन दिवस गेले. तिसऱ्या दिवशी इंजिन तापवून बघायचं होतं. सारजाबाई चालवायला बसल्या, मुंजाबा डावीकडं. बिडकीनच्या रस्त्याला लागेपर्यंत तो वाकून कारपेटवर हात ठेवून होता. बाई मात्र बोलत होत्या. कुठल्या वस्तीवर कुणाचं बाळंतपण केलं, कुठं पुरात पायी गेल्या, कुठल्या बाईनं लेकीला सारजा नाव ठेवलं. कितीतरी दिवसांचं साचलेलं असावं.

“गेर बरोबर बदलते ना मी?” त्यांनी मधेच विचारलं.

“एकदम बरोबर.”

दहा-बारा किलोमीटर झाले. तापमानाचा काटा मध्यावर, कारपेट कोरडं. सारजाबाईंनी गाडी हळू केली.

“अजून थोडं पुढं जायचं का? खात्री करायला?”

मुंजाबाची खात्री कधीच झाली होती.

“जाऊ की,” तो म्हणाला.

त्या संध्याकाळी फोन वाजला.

“जेवलात का?”

“नाय.”

“का ओ? बरं नाय का?”

“बराय. एकट्यासाठी करू वाटत नाय.”

पलीकडं भांड्यांचा आवाज थांबला. “कधीपास्नं?”

“लई दिवस झाले.”

“मग बोलायचं नाय का? मी म्हणते, तुमचं बरं चाललंय, तुम्हाला माझी आठवणच नाय.” बानाबाईचा आवाज चिरका झाला होता.

पुढच्या आठवड्यात ती आली, नातीला घेऊन. बारा दिवस राहिली. खोली धुतली, लोणचं घातलं, त्याच्या दोन शर्टांना गुंड्या लावल्या. तेराव्या दिवशी, नातवाला सांभाळायला घेतलेली लेकीची सुट्टी संपली. मुंजाबानं दोघींना स्टेशनावर नाशिकच्या गाडीत बसवून दिलं. “दिवाळीनंतर दोघं इथंच राहू,” बानाबाई खिडकीतून म्हणाली. तिचं खरंच तसं मन होतं, ते त्याला दिसत होतं. तरी दिवाळीला सहा महिने होते.

गाडी हलली. तो रिकाम्या फलाटावर जरा वेळ उभा राहिला. आधी त्याला एकटेपणाची सवय होती, बारा दिवसांत ती मोडली होती. मग तो चालत गॅरेजवर आला. दारात एक जीप बॉनेट वर करून उभी होती. त्यानं बाह्या सारल्या आणि ड्रायव्हरला विचारलं, “कधीपास्नं तापतीय?”