साक्षीदाराचा रकाना

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही, बायकोला तर नाहीच. अख्ख्या बंगळुरात ज्यांच्याइतकी तीक्ष्ण नजर दुसऱ्या कुणाची नसेल, त्या आमच्या वरच्या मजल्यावरच्या अण्णांना मी चारचौघांत खोटं पाडलं, आणि तेही पुडीभर केसरीबातापायी, म्हणजे इथल्या केशरी शिऱ्यापायी.

अण्णांचं घराणं कैक पिढ्यांपूर्वी महाराष्ट्रातून इथं आलेलं. शिवाजीनगरात त्यांनी चाळीस वर्षं चष्म्याच्या काचा घासल्या आणि आता मुलीकडे, सर्जापूर रोडवरच्या आमच्या इमारतीत राहायला आले. आले ते थेट मागच्या तळ्यावरच. मातकट शर्ट, मातकट टोपी, आणि लव्हाळ्याच्या कडेला असे निश्चल उभे राहत की एकदा एक कुत्रं त्यांच्या पायावर डोकं टेकून झोपलं आणि त्याची झोप होईपर्यंत हे हलले नाहीत. भडक टीशर्ट घालून पळणाऱ्यांना म्हणत, "पोपट तिकडं झाडावर. इथं स्वल्प सायलेंट." मला ते नावानं कधी हाक मारत नसत. "काय पुणेकर, आज तरी डोळे घेऊन आलात का?"

हा सगळा खटाटोप एका पक्ष्यासाठी. रंगीत पाणलावा, चिखलात चोच खुपसून जगणारा, माणूस दिसला की जागच्या जागी दगड होणारा. त्याच्या घरची हकीकत अण्णा जवळच्या नात्यातल्यासारखी सांगत. "बाईसाहेब नटलेल्या, गळ्याला तांबूस मखमल. अंडी घालतात आणि चालल्या दुसरं घर मांडायला! हा फिकुटलेला गडी बसतो उबवत. पिलं वाढवायची यानंच. मी दोन पोरी एकट्यानं वाढवल्या, पुणेकर. त्याचा चेहरा मला लांबून ओळखू येतो."

रविवारी आम्ही दहाबारा जण, माझ्या बायकोसकट, तळ्यावर पक्षी मोजतो. वही अण्णांची, कायदाही अण्णांचाच, की दुर्मीळ पक्षी एकट्यानं पाहिला तर तो पाहिलाच नाही, साक्षीदाराची सही हवी. या कायद्यानं त्यांनी भल्याभल्यांचे पक्षी उडवून लावले होते. एका मॅनेजरसाहेबांचा राखी बगळा तर काठीला अडकलेली सिमेंटची गोणी निघाला, आणि अण्णांनी ते वहीत तसंच लिहून ठेवलं.

तर तो गुरुवार. माझ्या रक्तात साखर, म्हणून बायकोनं रोज सकाळी तळघरातल्या जिममध्ये चालायला लावलेलं. मी जिमच्या दारातून आत शिरलो, मागच्या दारानं बाहेर पडलो, कोपऱ्यावरच्या दर्शिनीतून, म्हणजे उभ्यानं खायच्या हॉटेलातून, तूप गळणारा केसरीबात घेतला आणि बांधाआडच्या बाकावर बसलो. दुसराच घास, आणि समोरच्या लव्हाळ्यातून तो आला. फिकट, चिंताग्रस्त, मागे सुपारीएवढी चार पिलं. मला पाहून तो थिजला, त्याला पाहून मी थिजलो. दोघांचीही चोरी पकडली गेली होती. पिलं त्याच्या पंखाखाली शिरली. वीसेक पावलांवर अण्णा उकिडवे बसून वहीत लिहीत होते. मी पुडी शर्टात कोंबली आणि सटकलो.

रविवारी अण्णांनी नोंद वाचली. सगळ्यांना इतके दिवस हीच संधी हवी होती.

"साक्षीदार कोण, अण्णा?" मॅनेजरसाहेबांनी विचारलं.

"हे पुणेकर होते की बाकावर. धूसर दिसलं, पण हेच."

बायकोनं माझ्याकडे पाहिलं. "गुरुवारी? तुम्ही तर जिममध्ये होता."

"हो ना," मी म्हणालो. "जिममध्येच होतो."

"अण्णा, मोतीबिंदू पिकलाय तुमचा. आता मोरसुद्धा दिसतील!" मॅनेजरसाहेब म्हणाले.

सगळे हसले. मीही हसलो, हे इथं लिहून टाकतो. अण्णांनी माझ्याकडे जरा जास्तच वेळ पाहिलं, मग पेनाला टोपण लावलं. "सरी, बरं. तुम्ही म्हणता तर नसेल."

"काचा घासणाऱ्याच्या डोळ्याला कोण हात लावणार?" म्हणत वर्षानुवर्षं टाळलेलं ऑपरेशन त्यांनी त्याच महिन्यात करून घेतलं. मी बायकोबरोबर भेटायला गेलो, तर काळा चष्मा लावून खुर्चीत ताठ बसलेले. बायको त्यांच्या मुलीबरोबर चहा आणायला आत गेल्यावर त्यांनी मला जवळ बोलावलं.

"पुणेकर, जाळं डोळ्यांवर होतं. नाकावर नव्हतं."

मी नकळत शर्ट चाचपला.

"एवढं तूप घालतात का हो केसरीबातात? जपा जरा. घरी नाही बोललो मी."

आता त्यांना लांबच्या पाटीवरची अक्षरंही वाचता येतात. रोज सकाळी ते तळ्यावर उभे राहतात, पण तो गडी पुन्हा आलेला नाही. पिलं मोठी झाली असतील, त्याचं काम संपलं असेल. ती नोंद अण्णांनी खोडलेली नाही. गुरुवार, सकाळी सात चाळीस, एक नर, चार पिलं. पुढे साक्षीदाराचा रकाना कोरा आहे. बायको हे वाचेलच, तिचं मी बघून घेईन. अण्णांना मात्र मी अजून एक सही देणं लागतो.