खराब झालेली शांतता

त्रेचाळिसाव्या वर्षी बाई कॉलेजात जायला लागल्या, तेव्हा सगळ्यांत जास्त हसले ते त्यांचे वडील.

बाई म्हणजे इस्पितळातल्या टेलिफोन ऑपरेटर. एकोणीस वर्षं काचेच्या खोक्यात बसून 'नमस्कार, कुठल्या विभागाला जोडू?' म्हणत आलेल्या. लग्न केलं नाही, आणि का केलं नाही हे विचारायची कुणाची टाप नाही. घरात त्या, आई आणि अण्णा. अण्णांनी जन्म काढला भाजीबाजारात लिलाव पुकारण्यात. माणूस बारीक चणीचा, पण आवाज असा की या टोकाला बोली पुकारली की त्या टोकाचा हमाल दचकायचा.

"कसली पदवी म्हणालीस?" अण्णांनी विचारलं होतं.

"मास कॉम. संवादशास्त्र."

"म्हणजे बोलायला शिकवतात? आणि त्याला तीन वर्षं? अगं, मग तुझ्या आईला तर कुलगुरूच करायला हवं!"

"ऐकू येतंय मला," स्वयंपाकघरातून आई.

"ऐकायलाच बोललो."

हे असं दिवसभर चालायचं. अण्णा बाहेरच्या खोलीत, आई आत, आणि मधल्या भिंतीवरून दोघांचं चेंडू टोलवणं सुरू. आधी घसा साफ करायचा, मग 'हां, तर', आणि मग 'ऐकतेस का?' एवढं झाल्याशिवाय अण्णांचं एकही वाक्य सुरू होत नसे.

बाईंनी दुपारची पाळी मागून घेतली आणि सकाळचं कॉलेज धरलं. पहिल्या दिवशी वर्गात पाय टाकला तर सगळी मुलं उभी राहिली. नवीन प्राध्यापिका समजून! बाई लाजून शेवटच्या बाकावर जाऊन बसल्या. पण अभ्यासाला कमी पडल्या नाहीत. फळ्यावर सरांनी आकृती काढली, बोलणारा इकडे, ऐकणारा तिकडे, मध्ये संदेश, आणि संदेशाला अडवणारा तो गोंगाट. बाईंना हे पटकन उमगलं. त्यांचं अख्खं आयुष्य खरखरणाऱ्या तारांतून नाव आणि वॉर्ड नंबर वेगळा काढण्यात गेलं होतं. जे कामाचं तेवढं घ्यायचं, बाकीचं सोडायचं. त्यांना वाटलं, हे तर आपल्याला येतंच.

तिसऱ्या वर्षी अण्णांचा आवाज बसला. लिलाववाल्याचा आवाज बसणार नाही तर कुणाचा बसणार? कुणीच मनावर घेतलं नाही. दोन महिने गेले, तीन गेले. शेवटी बाईंनी त्यांना स्वतःच्याच इस्पितळात नेलं. डॉक्टरांनी सरळ सांगितलं, गाठ वाईट आहे, स्वरयंत्र काढावं लागेल. जीव वाचेल. आवाज जाईल. पंधरा दिवसांनंतरची तारीख दिली.

घरी आल्यावर आईनं भांडी पुसायला घेतली. पुसता पुसता म्हणाली, "तुझ्या कॉलेजात ते आवाज धरून ठेवायचं मशीन असतं ना? यांचा ठेव बाई कुठंतरी. मला बाकी काही नको."

आणि योग बघा, त्याच सत्रात शेवटचा प्रकल्प होता. एका माणसाचं आवाजातून चित्र, दहा मिनिटांचं. बाईंनी दुसरा विचारच केला नाही.

त्यांनी कॉलेजचा रेकॉर्डर दोन दिवसांसाठी सही करून घेतला. ध्वनी शिकवणाऱ्या सरांचा एक नियम होता. मुलाखतीआधी त्याच खोलीत एक मिनिट नुसती शांतता टिपायची. प्रत्येक खोलीची शांतता निराळी असते म्हणे, आणि कापाकापी केली की जोडाच्या जागी ती ठिगळासारखी लावायची. ती वेगळी फाइल म्हणून सरांकडे द्यायचीच.

"अण्णा, आता एक मिनिट कुणी काही बोलायचं नाही. आई, तूसुद्धा."

आई दारात स्टूल घेऊन बसली. कसंबसं मिनिट झालं आणि मग अण्णा बोलायला लागले. तास-दीड तास बोलले, बसलेल्या आवाजात, पण रंगात येऊन. पहिली बोली, बाजाराला लागलेली आग, उचललेल्या टोपल्या, सगळं. अधूनमधून खोकत होते, अडखळत होते, "ऐकतेस का, तो कुबडा व्यापारी कुठल्या साली गेला?" म्हणून आईला विचारत होते, आणि आई साल सांगून वर दोन चुका काढत होती.

दुसऱ्या दिवशी कॉलेजच्या खोलीत हेडफोन लावून बाई कामाला बसल्या. जीव ओतला हो त्यांनी! खोकला आला, काढला. 'हां, तर' आलं, काढलं. घसा साफ करणं, मधला श्वास, आईची लुडबुड, सगळं नखानं खडे वेचावेत तसं वेचून टाकलं. विजेचा भरवसा नव्हता, म्हणून प्रत्येक कापणीनंतर त्याच फाइलवर सेव्ह केलं. मूळची प्रत वेगळी ठेवायची असते हे कुणी सांगितलं नव्हतं असं नाही. पहिल्याच तासाला सांगितलं होतं, आणि बाईंनी ते वहीत लिहूनही घेतलं होतं. रेकॉर्डर परत करताना त्यातलं मेमरी कार्ड कोरं करून द्यायचं असतं. मुलं ते कधीच करत नसत. बाईंनी केलं. इतक्या वर्षांची शिस्त, ती अशी नडली.

सरांनी वर्गात फाइल ऐकवली. "याला म्हणतात स्वच्छ काम," म्हणाले. "एक फालतू श्वास सापडत नाही." वर्गात सगळ्यांत जास्त गुण पडले. एकच गुण कापला होता, आणि शेरा होता, 'शांतता खराब आहे, पुन्हा घ्यावी.' पण पुन्हा घ्यायला वेळ कुणाला होता? अण्णा इस्पितळात भरती झाले होते.

शस्त्रक्रिया नीट झाली. अण्णा घरी आले ते गळ्याला भोक आणि हातात पाटी-पेन्सिल घेऊन. घर असं गप्प झालं की बाईंना ते सोसवेना. आई आतून सवयीनं काहीतरी टोला मारायची आणि मग भिंतीकडे बघत उभी राहायची.

एका दुपारी अण्णा झोपले असताना बाईंनी फोनवर ती दहा मिनिटं लावली. आई हात पुसून शेजारी येऊन बसली. शेवटपर्यंत ऐकलं.

"छान बोललेत," ती म्हणाली.

"अजून लावू?"

"नको." मग फोन बाजूला सारत, "शब्द त्यांचेच आहेत गं. पण हे कुणाशी बोलतायत? पन्नास वर्षांत हा माणूस माझ्याशी इतकं सरळ कधी बोलला नाही. खोकला कुठाय त्यांचा? आणि मी होते ना तिथं? मला कुठं घालवलंस?"

आईनं एकच गोष्ट मागितली होती आणि तीच आपण आपल्या हातानं पुसून टाकली! दुसऱ्या दिवशी त्या कॉलेजात धावल्या. संगणक सत्र संपल्यावर साफ झालेले. कार्डवर तीन मुलांची नवी कामं चढलेली. सरांना त्यांनी सगळं सांगितलं. सर वाईट माणूस नव्हते. त्यांनी स्वतः कार्ड लावून पाहिलं, पण हाती काही लागलं नाही. बाई त्या दिवशी कामावर गेल्या खऱ्या, पण आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी प्रसूतीचा फोन शवागाराला जोडला आणि पर्यवेक्षकाची बोलणी खाल्ली.

घरी येताना त्यांना तो कापलेला एक गुण आठवला. शांतता खराब आहे. खराब म्हणजे काय? त्यांनी ती फाइल कधी ऐकलीच नव्हती. जशीच्या तशी सरांना मेलनं पाठवून दिली होती. रस्त्याच्या कडेला उभं राहून त्यांनी पाठवलेले मेल चाळले. होती! पण तिथं त्यांना ती उघडवली नाही.

घरी अण्णा खुर्चीत बसले होते, आई दारात. बाईंनी चप्पलसुद्धा न काढता फोन मध्ये ठेवला.

आधी घड्याळाची टिकटिक. खुर्ची करकरली. कुणीतरी खोल श्वास घेतला, मग तो घसा साफ करण्याचा आवाज, दोनदा. मग दबक्या आवाजात, "हां, तर... ऐकतेस का? झालं का गं मिनिट?"

"श्श! गप्प बसा हो."

"मी कुठं बोलतोय?"

"मग हे कोण बोलतंय?"

मग अण्णांचं हसू, दाबून धरलेलं आणि शेवटी खोकल्यात फुटलेलं, त्यात आईचंही मिसळलेलं. आणि बाईंचा वैतागलेला स्वर, "अहो, एक मिनिट तर गप्प बसा दोघं!" फाइल संपली.

आईनं तोंडावर हात धरला होता. अण्णांचे खांदे हलत होते. हसतायत की रडतायत ते आवाजाशिवाय कळायला मार्ग नव्हता. त्यांनी पाटी ओढली, काहीतरी लिहिलं, आणि बाईंना दाखवलं. 'यात ती पण आहे.'

आईनं वाकून वाचलं. "असणारच की," ती म्हणाली. "मी कुठं जाणार?" आणि तळहातानं पाटी पुसून तिनं ती परत त्यांच्या मांडीवर ठेवली.