आळशी नाही, गोळीची झोप

आमच्या जांभूळ गावाहून उल्हासनगरला निघाले त्या सकाळी, रिक्षा दारात येईपर्यंत मी बॅगेवर डोकं टेकून झोपून गेले होते. काकी म्हणाली, "निघताना पन झोपते, नोकरी काय करनार ही?" आईने मला हलवून उठवलं आणि कानाशी पुटपुटली, "तिकडं कोनाला काय सांगू नको." म्हणजे मला फिट येते, हे सांगू नको. उल्हासनगर काही परदेश नाही, पण मला तेव्हा तेवढंच लांब वाटलं.

गावात राहिलेल्या तुम्ही सगळ्यांनी मला झोपाळू म्हटलंत. म्हणा. पण फिटच्या गोळीने दिवसा कशी झापड येते, रात्रभर झोपूनही अंग कसं जड राहतं, हे एकाने तरी विचारलं का? मला बघायला पाहुणे येणार होते, तेव्हा आईने दोन दिवस माझ्या गोळ्या लपवल्या. पोरगी तरतरीत दिसावी म्हणून! दिसलेही. पोहे दिले, नाव सांगितलं आणि पाहुण्यांसमोरच कोसळले. आईने सगळ्यांना सांगितलं, उपवासाची चक्कर आली. उपवास कसला, सकाळीच दोन भाकऱ्या खाल्ल्या होत्या मी. स्थळ गेलं आणि मला गावात राहणं नको झालं.

इथे जीन्सच्या कारखान्यात मी बिलं करते. जेवण झालं की कॉम्प्युटरवरची अक्षरं पुसट व्हायची. आमचे सिंधी शेठ ओरडायचे, "रात को मोबाइल कम देखा करो, बेटा!" मी मान डोलवायची. नसलेली सवय कबूल करायची, कारण आळशी पोरीला ओरडा बसतो, फिटवालीला घरी पाठवतात, असं डोक्यात बसलेलं. असा संताप यायचा! आणि त्या संतापातच पुन्हा डोळा लागायचा.

एक दिवस शेठ म्हणाले, "फिर सोई तो कल से मत आना." मी उठून मशिनींच्या आवाजावर ओरडले, "मिर्गी है मुझे! गोली से नींद आती है!" सगळ्या मशिनी थांबल्या. शेठ आधी घाबरले, मग चिडले, "पहले बोलना था ना!" दोन दिवसांनी त्यांनी ठरवलं, दुपारी कापडाच्या गठ्ठ्यांवर झोप, तेवढा वेळ संध्याकाळी थांब. फिट आली तर कुशीवर वळवायचं, तोंडात काही घालायचं नाही, हे शिलाईच्या बायकांना मीच शिकवलं.

आईला फोनवर सांगितलं तर ती रडलीच. "सगल्यांना सांगून बसलीस? आता कोन करील तुला?" सणाला घरी गेले की ती मला आतल्या खोलीत झोपवते आणि दार लोटून घेते. परक्यांच्या कारखान्यात मी उघड्यावर झोपते आणि स्वतःच्या घरात लपून. मग घर कशाला म्हणायचं?

परवा तिने विचारलं, "घरी कवा येशील?" म्हटलं, येते, पण दुपारी ओटीवर झोपेन, येणाऱ्याजाणाऱ्यांच्या देखत. कुणी विचारलं तर तू सांगायचंस, तिला फिट येते, गोळी घेऊन झोपलीय.

"लोक काय बोलतील?" आई म्हणाली. फोन मात्र तिने ठेवला नाही.